पिवळ्या रेघा

गाडीत सगळ्यात आधी मरतं ते रबर. पत्र्याला गंज चढायला वर्षं जातात, ॲल्युमिनियम त्याहून चिवट. पण रबर उष्णतेनं कडक होत जातं, त्याला बारीक चिरा पडतात, आणि एक दिवस नळी वाकवून बघावी तर तिचा तुकडाच हातात येतो. माझदा आरएक्स-७ ची शेवटची पिढी, जिला तिची माणसं एफडी म्हणतात, या बाबतीत फार हळवी आहे. तिच्या इनटेकखाली अशा पातळ नळ्यांचं जाळं आहे. या गाडीला दोन टर्बो. पहिला कमी आरपीएमपासून काम करतो, दुसरा साधारण साडेचार हजारांना त्याच्या जोडीला येतो. त्याला वेळेवर आणायचं काम काही झडपांचं, झडपांना हलवायचं काम सोलेनॉइडचं, आणि हवेचा दाब इकडून तिकडे न्यायचं काम या नळ्यांचं. एक नळी फुटली की दुसरा टर्बो जागाच होत नाही.

माझ्या नवऱ्यानं एका हिवाळ्यात त्या सगळ्या नळ्या बदलल्या होत्या. योकोहामात आम्ही महिन्याच्या भाड्यानं घेतलेल्या पार्किंगमध्ये जॅक लावायला बंदी होती, म्हणून शहराबाहेरच्या एका मिस्त्रीच्या आवारातला कोपरा त्यानं शनिवार-रविवारपुरता मागून घेतला होता. हा मिस्त्री रोटरी इंजिनांशिवाय दुसरं काही हातात घेत नाही. तो आधी नको म्हणाला, मग यानं एक अडकलेला बोल्ट आटे न मारता कसा सोडवला ते उभं राहून बघितलं, आणि कोपऱ्यातला दिवा लावून दिला. नवऱ्यानं प्रत्येक जुन्या नळीला कागदी टेप लावून तिच्यावर मराठीत लिहिलं होतं: ‘मधली आडवी’, ‘पंपाच्या मागची’, ‘हिला विसरू नको’. मी टॉर्च धरायची आणि आकृतीतले नंबर वाचायची. थंडीनं त्याची बोटं वळायची नाहीत, मग तो ती माझ्या कोटाच्या खिशात घालून उभा राहायचा.

त्यानं बसवल्या तशा सिलिकॉनच्या नळ्या बराच काळ टिकतात, पण त्यांच्या टोकांची सोलेनॉइडं टिकत नाहीत, आणि सोलेनॉइड बदलताना नळ्याही बदलाव्या लागतात. तसं मी केलं. त्याच्या नळ्या एकेक ओढून काढल्या आणि नव्या बसवल्या. माझ्या दुःखाची गोष्ट खरं तर एवढीच आहे. तो गेल्यावर त्याची गाडी मला सांभाळायची होती, आणि सांभाळणं म्हणजे त्यानं केलेलं काम एकेक करून काढून टाकणं निघालं.

तो कोल्हापूरचा. उद्यमनगरात सासऱ्यांचं छोटं वर्कशॉप होतं. ऑइल इंजिनचे क्रँक ग्राइंड करायचे, लाइनर बसवायचे, शेतकऱ्यांची इंजिनं बांधून द्यायचे. मुलगा तिथेच वाढला. शाळेतून आल्यावर डिझेलच्या पिंपात पार्ट धुवायचे, वायसर मापानं लावून ठेवायच्या, असली कामं त्याच्याकडे असायची. पुढे तो सॉफ्टवेअरमध्ये गेला, आम्ही जपानला आलो. २०११ च्या भूकंपानंतर ओळखीची बरीच कुटुंबं परत गेली, आम्ही राहिलो, आणि त्याच वर्षी त्यानं १९९९ सालची ही निळी टाइप आर घेतली. तेव्हा अशा गाड्यांच्या मागे आजच्यासारखं कुणी लागलेलं नव्हतं.

गाडी घरी आणली त्या रात्री त्यानं कोल्हापूरला फोन लावला.

“पिस्टन नाही?” सासरे म्हणाले. “मग आत हलतंय तरी काय?”

तिकोनी रोटर, असं यानं सांगितलं. त्रिकोणाच्या बाजू फुगीर, आणि तो ज्या घरात फिरतो त्या घराचा आकार कमरेत किंचित दबलेला. रोटर फिरता फिरता तीन बाजूंना तीन खोल्या करतो, त्या लहानमोठ्या होतात, आणि हवा घेणं, दाबणं, पेटवणं, बाहेर टाकणं हे सगळं एकाच वेळी वेगवेगळ्या खोल्यांत चालू राहतं. व्हॉल्व्ह नाहीत, कनेक्टिंग रॉड नाहीत. असे दोन रोटर, प्रत्येकी ६५४ सीसी. सासरे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी नेमकं तेच विचारलं, जे विचारायला हवं होतं: “मग टोकाला हवा अडवतंय कोण?”

या एका प्रश्नावर हिरोशिमात माणसांनी आयुष्यं घालवली. फेलिक्स वांकेलच्या इंजिनाचा परवाना तेव्हाच्या तोयो कोग्यो कंपनीनं जर्मनीच्या एनएसयूकडून १९६१ मध्ये घेतला, आणि १९६३ मध्ये केनिची यामामोतो यांच्या हाताखाली ४७ इंजिनिअरांचा विभाग उभा राहिला. रोटरच्या टोकाला हवा अडवणारी पट्टी, अपेक्स सील, थरथरायची आणि घराच्या भिंतीवर ओरखडे उठवायची. त्या ओरखड्यांना ते सैतानाच्या नखांच्या खुणा म्हणायचे. नाना प्रकारची सीलं करून पाहिल्यावर कार्बन आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रणाचं सील टिकलं, आणि १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट रस्त्यावर आली. १९९१ मध्ये चार रोटरची ७८७बी ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली. तोवर एकाही जपानी कंपनीला ते जमलं नव्हतं. त्याच वर्षी एफडी विक्रीला आली आणि २००२ पर्यंत बनत राहिली. हे सगळं माझ्या नवऱ्यानं वडिलांना फोनवर सांगितलं, एका रात्रीत नाही, अनेक रविवारी, हप्त्याहप्त्यानं. बापलेकांचं इतकं बोलणं त्याआधी मी कधी ऐकलं नव्हतं. सासऱ्यांना मुलाचं ऑफिसचं काम कधीच कळलं नव्हतं. या गाडीमुळे त्यांना विचारायला काहीतरी मिळालं.

मग त्यानं गाडी आपल्या मनाची करायला घेतली. आधी रेडिएटर. एफडी तापते, तिच्या नाकात जागा कमी, दोन टर्बोंची आग शेजारीच, आणि कंपनीनं दिलेला पाण्याच्या तापमानाचा काटा असा की पाणी बरंच तापलं तरी मधोमध स्थिर राहतो. तो हलेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून जाड ॲल्युमिनियमचं रेडिएटर आणि पुढच्या काचेच्या खांबावर खरं तापमान दाखवणारा वेगळा मीटर. मग बूस्टचा मीटर, टर्बो टायमर, उंची बदलता येणारे शॉकॲब्जॉर्बर. जुन्या पार्टांच्या दुकानांत तो तासन्‌तास रमायचा. रोटरीवाल्याला घाई चालत नाही, असं तो म्हणायचा, आणि स्वतः पाळायचाही. प्रत्येक बोल्ट टॉर्क पान्यानं आवळला की डोक्यापासून खालच्या धातूपर्यंत पिवळ्या पेंटपेननं एक सरळ रेघ ओढायची. बोल्ट सैल होऊन फिरला तर रेघ मोडते, आणि नुसत्या नजरेनं कळतं. इंजिनच्या आजूबाजूला अशा शेकडो पिवळ्या रेघा होत्या. बॉनेट उघडलं की मला त्याच दिसायच्या.

दर दोन वर्षांनी शाकेन. जपानमध्ये गाडी ठेवणाऱ्या प्रत्येकाला ही तपासणी पार करावी लागते. बरेच जण गॅरेजला पैसे देऊन मोकळे होतात. तो स्वतः गाडी घेऊन योकोहामाच्या त्सुझुकी वॉर्डातल्या परिवहन कार्यालयात जायचा. आदल्या शनिवारी गाडीची उंची वाढवायची, कारण जमिनीपासून ९ सेंटिमीटर मोकळे हवेत. मग रांगेतून पुढे सरकत चाकांची सरळ रेषा, ब्रेक, स्पीडोमीटर, हेडलाइट, धूर, आणि शेवटी खालून हातोडीनं एकेक सांधा ठोकून बघणारा तपासनीस. गाडीचा वार्षिक करही वेगळाच हिशेब. इंजिन १३०८ सीसीचं, पण रोटरीला दीडपट धरतात, म्हणून ती दोन लिटरच्या गटात जाते. शिवाय तेरा वर्षांपुढच्या गाडीला वाढीव दर. आज दर मे महिन्यात मी ४५,४०० येन भरते.

७ जुलैला, सातव्या महिन्याच्या सातव्या दिवशी, आरएक्स-७ वाले दाइकोकुला जमतात. योकोहामाच्या बे ब्रिजजवळचं हे महामार्गावरचं पार्किंग, वरून चारही बाजूंनी पूल वळसे घेत उतरतात. आम्ही दर वर्षी जायचो. मी घरून थालिपीठं न्यायची, आणि अनोळखी जपानी पोरं बॉनेटवर रुमाल अंथरून ती खायची आणि बोटं पुसून मगच इंजिनकडे बघायला वाकायची.

तो २०१८ च्या पावसाळ्यात गेला. आजाराबद्दल मला लिहायचं नाही. तो भराभर वाढला आणि त्यात आमचं फारसं काही चाललं नाही. अस्थी मी नरसोबाच्या वाडीला घेऊन गेले, कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर. सासरे पायऱ्यांवर बसून होते. घरी परतल्यावर त्यांनी पहिलं वाक्य उच्चारलं ते असं: “पोरी, गाडी बंद ठेवू नको. तेल खाली बसतं.”

माझ्या माहेरच्यांना, ऑफिसातल्या मैत्रिणींना वाटलं, विकावी. असल्या गाडीत एकटी बाई काय करणार, असंही कुणी म्हणालं. मला त्यांचा राग आला नाही. पण कोल्हापुरातून वारसाचे कागद आले, त्यांचं जपानी भाषांतर झालं, आणि गाडी माझ्या नावावर झाली. नंबर प्लेट तीच राहिली.

मग मी शिकले. टॉर्च धरताना जे कानांवर पडलं होतं ते हातांत यायला वेळ लागला. रोटरी स्वतःचं इंजिन ऑइल थोडं थोडं मुद्दाम जाळते, सीलांना वंगण मिळावं म्हणून. तेव्हा डिपस्टिक दर वेळी बघायचीच. थंड इंजिन चालू करून गाडी दोन हात पुढे घेतली आणि लगेच बंद केली तर प्लग पेट्रोलनं भिजतात आणि मग ती उठता उठत नाही. एकदा चालू केली की तापवूनच बंद करायची. प्लग चार, प्रत्येक रोटरला दोन, लीडिंगचे आणि ट्रेलिंगचे वेगळ्या हीट रेंजचे, अदलाबदल चालत नाही. मिस्त्रीच्या आवारातला कोपरा माझ्याकडे आला. त्यानं कधी सांत्वनाचा शब्द काढला नाही. कोपऱ्यात एक कमी उंचीचा स्टूल तेवढा आणून ठेवला, कारण माझी उंची नवऱ्यापेक्षा कमी.

पहिल्यांदा टर्बो टायमर गेला. किल्ली काढली तरी इंजिन थोडा वेळ चालू ठेवणारं ते छोटं यंत्र, तापलेल्या टर्बोंना निवायला उसंत मिळावी म्हणून बसवलेलं. त्या वेळात तो गाडीभोवती एक फेरी मारायचा, टायर बघायचा, इंजिन थांबलं की मगच वर यायचा. दुरुस्त होण्यासारखं नव्हतं. नवं मी बसवलं नाही. शेवटचे काही किलोमीटर सावकाश चालवलं की टर्बो आपोआप निवतात, आणि मिस्त्रीचंही तेच मत होतं. डॅशबोर्डखाली त्यानं ओढलेल्या वायरी सोडवताना प्रत्येक जोडावर त्याची नीट गुंडाळलेली टेप होती. ती कापायला मी ब्लेड घेतलं आणि कितीतरी वेळ तशीच बसले. नंतर शॉकॲब्जॉर्बर गळायला लागले. मग रेडिएटरला प्लॅस्टिकची टाकी नसूनही त्याचा गाभाच पुढच्या जाळीच्या बाजूनं कुजला. मग नळ्या आणि सोलेनॉइडं. २०२० च्या अखेरीस माझदानं जुन्या आरएक्स-७ चे काही पार्ट पुन्हा बनवायला घेतले, तेव्हा मला आनंद झाला, आणि त्या आनंदानं पोटात कालवलंही. कारण जे नवीन मिळतं ते बदललं जातं.

पहिल्या वर्षांत मी काढलेला प्रत्येक पार्ट घरी आणायची. आमचं घर लहान. पुढे एकेक करून ते भंगारात दिले. लोकांना वाटतं, आठवणी वस्तूंत साठून राहतात. मला तसं वाटत नाही. वस्तूंत राहतं ते केलेलं काम, आणि काम झिजतं. गळका शॉकॲब्जॉर्बर कपाटात जपून ठेवला म्हणजे त्यातून तो वळणावर गाडी कशी टाकायचा हे परत मिळत नाही. ते गाडी चालवतानाच मिळतं, आणि चालवायची तर शॉकॲब्जॉर्बर नवा लागतो.

२०२४ मध्ये गाडीला पंचवीस वर्षं पूर्ण झाली. अमेरिकेत पंचवीस वर्षांपुढच्या गाडीला आयातीचे सुरक्षा-नियम लागत नाहीत, म्हणून त्या वयाच्या जपानी गाड्यांना तिकडून मागणी येते आणि भाव चढतात. दलालांचे निरोप यायला लागले. नेमकं त्याच सुमारास इंजिन गरम असताना उठायला कुरकुरायला लागलं. मिस्त्रीनं रोटरीचा खास कॉम्प्रेशन मीटर लावला. रोटरच्या तीन बाजूंचे तीन आकडे येतात. नवं इंजिन साडेआठच्या आसपास दाखवतं, सातच्या खाली गेलं की ते कामाला आलं समजायचं. मागच्या रोटरच्या दोन बाजू सातच्या खाली होत्या. मिस्त्रीनं कागद माझ्याकडे सरकवला आणि हात पुसत बाहेर गेला. अशा इंजिनासकटही दलाल गाडी घ्यायला तयार होते, आणि इंजिन बांधायचा खर्च माझ्या बचतीला मोठं भगदाड पाडणारा होता. मी सासऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, “इंजिन कामाला आलं म्हणून कुणी जमीन विकतं का? बांधून घे.” शेतकऱ्यांची इंजिनं बांधण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांचं उत्तर दुसरं काही असणार नव्हतं.

इंजिन उतरवायच्या दिवशी मी सुट्टी घेतली. उतरवायचं म्हणजे आधी वरचं सगळं सोडवायचं, आणि सोडवायचं म्हणजे त्या पिवळ्या रेघा. मिस्त्रीनं पहिल्या बोल्टवर पाना ठेवला आणि थांबून माझ्याकडे बघितलं. मी पाना मागून घेतला. पहिले काही बोल्ट मी सोडवले. बोल्ट जरासा फिरतो तेव्हा रेघेचे दोन तुकडे होतात. डोक्यावरचा अर्धा फिरून निघून जातो, खालचा धातूवर तसाच राहतो. एवढ्या वर्षांत एकही रेघ स्वतःहून मोडलेली नव्हती. त्यानं आवळलेलं काहीही सैल झालं नव्हतं, आणि ते सैल करणारी मी होते. मी रडले, आणि पाना चालवत राहिले, कारण त्या दोन गोष्टी एकदम करता येतात हे मला तोवर कळून चुकलं होतं. दुपारनंतर उरलेलं काम मिस्त्रीनं केलं.

रोटरी इंजिन उघडताना डब्याच्या पुडांसारखं एकेक पूड सुटत जातं: लांब टेन्शन बोल्ट काढले की लोखंडी भिंत, रोटरचं घर, मधली भिंत, दुसरं घर, शेवटची भिंत. मी कोल्हापूरला व्हिडिओ कॉल लावला. सासऱ्यांनी इतकी वर्षं जे फक्त ऐकलं होतं ते पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी मला फोन रोटरच्या टोकाजवळ न्यायला लावला, अपेक्स सीलची खाच दाखव म्हणाले, दोन मिलिमीटर जाडीची पट्टी बोटांत धरून उजेडात फिरव म्हणाले. मागच्या घराच्या क्रोमच्या भिंतीवर झीज होती, ती त्यांना माझ्याआधी दिसली. मिस्त्री आणि सासरे यांना एकमेकांची भाषा येत नाही. मिस्त्रीनं झिजलेल्या जागेवर नख फिरवलं आणि मान हलवली. सासऱ्यांनी तिकडे मान हलवली. घर नवं टाकायचं ठरलं. “वायसर सगळ्या नव्या टाक,” सासरे म्हणाले, “जुन्या परत लावू देऊ नको त्याला.” मग जरा थांबून म्हणाले, “दाखवलंस, बरं केलंस. तो दाखवणार होता.”

नवं बांधलेलं इंजिन बसलं तेव्हा मिस्त्रीनं प्रत्येक बोल्टवर पांढऱ्या पेननं रेघ ओढली. खालच्या धातूवर पिवळे अर्धे तुकडे होते ते त्यानं पुसले नाहीत. बोल्ट काही नेमके त्यांच्याशी जुळून थांबत नाहीत, त्यामुळे पांढऱ्या रेघा दुसरीकडेच कुठे कुठे पडल्या आहेत.

आता उरला तो मोठा टर्बो, आणि त्याबद्दल तुझ्याशीच बोलायला हवं.

तू तो वापरलेला घेऊन ठेवला होतास, घरातल्या कपाटात, जुन्या चादरीत गुंडाळून. दोन्ही छोटे टर्बो काढायचे, नळ्यांचं ते सगळं जंजाळ फेकून द्यायचं आणि एकच मोठा बसवायचा, हे तुझं ठरलेलं होतं. साडेचार हजारांना दुसरा टर्बो जोडीला येताना बूस्ट क्षणभर पडतो, तो तुला सहन व्हायचा नाही. इंजिन उघडलेलं असताना मिस्त्रीनं मला विचारलं, आता बसवायचा का, पुन्हा अशी संधी येणार नाही. तुझ्या मनातलं एक तरी काम पुरं होईल, असं त्याला वाटत असणार. मी नाही म्हणाले. चिबाहून एक तरुण आला, त्याच्या एफडीसाठी टर्बो घेऊन गेला, आणि त्या पैशांतून मी सोलेनॉइडांचा उरलेला पूर्ण संच नवा घेतला. म्हणजे जे तुला काढायचं होतं, ते तुझ्याच टर्बोच्या पैशानं मी नवं केलं. तू असतास तर यावर आपलं आठवडाभर भांडण झालं असतं, आणि रविवारी तू बाबांना फोन लावून त्यांना तुझ्या बाजूनं ओढलं असतंस. पण ते माझ्या बाजूनं आहेत, मी आधीच विचारून घेतलंय.

आणि माझं म्हणणं मी सोडणार नाही. रनिंग-इनचे पहिले हजार किलोमीटर हळू चालवून संपवल्यावर मी हाकोने टर्नपाइकला गेले. ओदावाराकडून वर येताना तो लांब चढ तुला माहीत आहे. तिथे तिसऱ्या गिअरमध्ये अडीच हजारांनाच पहिला टर्बो ओढायला लागतो, गिअर पाडावा लागत नाही, मागच्या गाडीला वाट द्यावी लागत नाही. तुझा मोठा टर्बो तिथे काय करणार होता, सांग. साडेतीन हजारांपर्यंत तो नुसता फिरत राहिला असता, आणि तू दुसऱ्यात टाकून इंजिन ओरडवलं असतंस. साडेचार हजारांचा तो धक्का मलाही जाणवतो. तो मला आवडतो. इंजिन जरा श्वास घेतं आणि मग दुप्पट ताकदीनं ओढतं, यात चूक काय आहे?